आधी सायकल, मग किडनी

१० जानेवारी, शुक्रवार

नवी डायरी. सप्लायर दरवर्षी ऑफिसात आणून टाकतो, यंदा एक घरी आणली. यंदा लिहिण्यासारखं काही आहे.

मी दादाला किडनी देणार आहे.

दिवाळीत गावी सगळ्यांसमोर जाहीर केलं. दत्तारामदादाच्या दोन्ही किडन्या गेल्या, आठवड्यातून दोनदा चिपळूणला डायलिसिस. वहिनीचा आणि मुलाचा रक्तगट जुळत नाही. माझा जुळतो. थोरल्या बहिणीचा, रखमाताईचाही जुळतो, पण ती बिचारी विधवा, पन्नाशी उलटलेली, शेती एकटी बघते. मी धडधाकट असताना तिच्यावर कशाला? उभा राहिलो आणि म्हणालो, “माझी घ्या.” वहिनी रडली. ताई कोथिंबीर निवडत होती, निवडतच राहिली. दादा नुसता माझ्याकडे बघत होता. भारावला असणार.

मुंबईच्या डॉक्टरांची अट एकच. वजन एकशे चार आहे, नव्वदच्या खाली आणा, मग पुढच्या तपासण्या. किरकोळ.

विशाखा म्हणाली, ओमानमध्ये याहून चांगली हवा पुन्हा मिळायची नाही, रोज संध्याकाळी दोघं चालायला जाऊ. बायकोला सायन्स समजावणं कठीण. चालण्याला कंट्रोल नाही, डिस्प्ले नाही. होम कार्डिओ पाहिजे. एक्सरसाइज बाइक घ्यायची. परवडणारी पण दर्जेदार. पुढच्या शुक्रवारपर्यंत घरात.

१७ जानेवारी, शुक्रवार

घाई केली नाही ते बरं. विषय खोल आहे. उभी बसायची बाइक वेगळी, मागे टेकून बसायची वेगळी, घडीची वेगळी. स्वस्तात ब्रेकचा पॅड चाकावर घासतो, त्याला आवाज फार. महागात मॅग्नेट असतो. खालच्या मजल्यावरच्यांचा विचार केला तर मॅग्नेटच.

दादाला फोन करून सगळं समजावलं. तो “हो, हो” म्हणत ऐकत होता. दर शुक्रवारी प्रगती कळवायची ठरवलं. पेशंटला धीर येतो.

गाजर हलवा दोनदा घेतला. अभ्यासाने भूक लागते.

२५ जानेवारी, शनिवार

मस्कतमधल्या रुवी भागातल्या दुकानात बाइक आवडली. किंमत बजेटमध्ये, मॅग्नेट, सीट बरी. बसणार तेवढ्यात सेल्समनने स्टिकर दाखवला. जास्तीत जास्त वजन शंभर किलो.

मी त्याला विचारलं, ही वजन कमी करायचीच मशीन ना? तो म्हणाला, “हाँ सर. पहले थोडा कम करके आइए.”

विशाखा तोंडाला ओढणी लावून बाहेर गेली. खोकला म्हणाली.

येताना शावर्मा. माझा एकच. लेकीने, यशश्रीने, अर्धा टाकला, तो वाया कशाला घालवायचा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हुसैनमियाँ आमच्या फर्मचा ड्रायव्हर, मूळ हर्णैचा. रोज दार्सैतच्या घरून गाला भागातल्या ऑफिसला मला तोच नेतो. काल गाडीत म्हणाला, “एकनाथशेट, भावाचा जीव टांगणीला, आन् तुमी अजून चाकच बघताव?” त्याला फ्लायव्हीलचं महत्त्व समजावलं. चाक जड असेल तर पाय सलग फिरतो, गुडघ्याला झटका बसत नाही. उद्या गुडघाच गेला तर किडनी कशी देणार? त्याने रेडिओ लावला. पटलं.

दादाला दोन मॉडेलचे फोटो पाठवले. उत्तर आलं, “छान आहेत.” कुठलं जास्त छान ते लिहिलं नाही. निर्णयाला मदत होत नाही अशाने.

८ मार्च, शनिवार

रमजान. ऑफिस लवकर सुटतं. ठरवलं होतं की रोज दुपारी एकेक दुकान बघायचं. पण दुकानं तेव्हाच बंद. ही अडचण कोणी लक्षात घेत नाही.

हुसैनमियाँने इफ्तारला बोलावलं. त्याच्या बायकोने, मेहनाजने, हलीम केलं होतं. नाही म्हणणं म्हणजे अपमान. नंतर दुसऱ्या मित्राकडे, तिथे नाही म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं की हुसैनमियाँकडे जेवतो आणि आपल्याकडे नाही. सलोखा जपावा लागतो परदेशात.

वजनकाटा बिघडलाय.

११ एप्रिल, शुक्रवार

दादाचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा झालं. पाय सुजतात. फोनवर दम लागत होता त्याला. तरी मी न थांबता सगळे अपडेट दिले.

नवा विचार. सेकंडहॅंड! लोक उत्साहाने घेतात आणि वापरत नाहीत. असल्या लोकांच्या जोरावर आपल्याला स्वस्तात मिळेल.

१९ एप्रिल, शनिवार

बरकाला गेलो होतो. एक बाई, तस्नीम म्हणून, कायमची इंडियाला परत चालली आहे, तिची बाइक. हुसैनमियाँने सुट्टीच्या दिवशी गाडी काढली. बाइक जवळपास नवी, दीडशे किलोपर्यंत चालते, मॅग्नेट. बाईने किंमतही फार सांगितली नव्हती.

पण पहिल्या फटक्यात हो म्हणणारा मी नाही. स्पेअर पार्टच्या स्टोअरमध्ये आयुष्य गेलं माझं. म्हणालो, विचार करून सांगतो. हुसैनमियाँ कानाशी म्हणाला, “अवो, द्या पैसे, चला यल्ला.” त्याला डोळ्याने गप्प केलं. आपण निघालो की ती मागून फोन करते, हा धंद्याचा नियम.

बरका मार्केटला ताजी सुरमई. तिथेच तळून घेतली.

२१ एप्रिल, सोमवार

बाईचा फोन आला नाही. मी केला. विकली म्हणाली, आम्ही निघालो त्याच संध्याकाळी. अशा लोकांशी व्यवहार न झालेलाच बरा.

९ मे, शुक्रवार

फिटनेसचे व्हिडिओ बघता बघता मोबाइलने आपोआप डोनरच्या ऑपरेशनचा लावला. ॲनिमेशन होतं. पोटाला तीन भोकं आणि खाली एक चीर, तिथून बाहेर काढतात. बंद केला. एसी वाढवला. पंखा पण लावला. दुपारी जेवलो नाही, म्हणजे डाएट झालंच.

संध्याकाळी यशश्री शेजारी येऊन बसली. दहावीत गेली, पण मराठी अजून अडखळतच बोलते. म्हणाली, “पप्पा, तुम्हाला... ते कापतात ना... त्याचं भय आहे? इट्स ओके. यू कॅन टेल काका.”

मी ओरडलो. फोन काढून घेतला तिचा. स्वयंपाकघरात विशाखाने ऐकलं आणि कुकर लावला. तिनेच पोरीच्या डोक्यात भरवलं असणार. ज्याने सगळ्यांसमोर उभं राहून शब्द दिला त्याला घरातली माणसं भित्रा म्हणतात.

उद्याच बाइक ऑर्डर करतो. खलास.

३० मे, शुक्रवार

उद्या ऑर्डर करतो.

१३ जून, शुक्रवार

आली!! ऑनलाइन मागवली. काळी, लाल पट्टा. दादाला व्हिडिओ कॉल करून खोकं दाखवलं. वहिनीने फोन धरला होता. दादा आडवा होता, चेहरा सुजलेला, पिवळट. मी म्हणालो, “दादा, आता फक्त थोडी कळ काढ.” तो हसला. म्हणाला, “जोडून देतात का रे, की तुलाच जोडायची?”

जोडणीचे वेगळे पैसे मागत होते. स्पेअर पार्टच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाकडे!

१४ जून, शनिवार

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उलटे कोण करतं? मी जोर लावून सरळ पिळलं. आटे गेले. कंपनी म्हणते कस्टमरची चूक, वॉरंटी नाही. कडक तक्रार लिहिली आहे.

तोवर एका पेडलवर व्यायाम शक्य नाही. शरीर वाकडं होईल.

२१ जून, शनिवार

विशाखा आणि यशश्री सुट्टीसाठी इंडियाला गेल्या. विशाखा म्हणाली, यंदा माहेरी कमी राहीन, दादांकडे जास्त, वहिनींना मदत होईल. चांगली कल्पना, मी म्हणालो, माझ्या वतीने तू आहेसच. विमानतळावर यशश्रीने मला मिठी मारली.

४ जुलै, शुक्रवार

पेडलची दांडी, क्रॅंक म्हणतात ती, बदलून आली. प्रत्यक्ष सुरुवात!

टॉवेल, पाण्याची बाटली, नवे बूट. गॅसवर चहा ठेवला आणि बसलो. चहा उतू गेला म्हणून उतरावं लागलं. नाहीतर अजून बराच वेळ केलं असतं. एकटा माणूस काय काय बघणार. सीट फार अरुंद आहे, हे रिव्ह्यूमध्ये कोणी लिहिलं नव्हतं.

दादाला फोन. देवेशने उचलला, दादाच्या मुलाने. म्हणाला, बाबा झोपलेत, काका. मागून अनाउन्समेंटसारखा आवाज येत होता. विचारलं कुठे आहात. म्हणाला, टीव्ही.

११ जुलै, शुक्रवार

पाठ धरली. विश्रांती. डॉक्टरसुद्धा विश्रांतीच सांगतील.

विशाखाचा फोन आला नाही. मेसेज: “कामात आहे.” गावी कसलं काम?

२५ जुलै, शुक्रवार

रोज बसतो बाइकवर. पेडल मारतोच असं नाही, पण सवय आधी, वेग मागाहून. न्यूज बघायला उंची बरोबर आहे.

वजन एकशे सहा. मसल मास वाढतो सुरुवातीला.

५ ऑगस्ट, मंगळवार

फॅमिली ग्रुपवर देवेशने फोटो टाकला आणि लगेच डिलीट केला. मी अर्धाच पाहिला. हॉस्पिटलचा पलंग, हिरवा गाऊन, आणि पलंगावर रखमाताई. ताईला काय झालं?

फोन केला तर कोणी उचलेना. शेवटी विशाखाने उचलला. ती मुंबईत होती. आवाज अगदी साधा. “ऑपरेशन काल झालं. दादा ठीक आहेत. किडनी लगेच चालू झाली. ताईही ठीक आहेत.”

मी म्हणालो, कुठली किडनी?

ती म्हणाली, “ताईंची.”

६ ऑगस्ट, बुधवार

सगळ्यांना माहीत होतं! वहिनी, देवेश, माझी बायको, माझी मुलगी. यशश्री हॉस्पिटलच्या कॅंटीनमधून चहा आणत होती आणि मी इथे सीट ॲडजस्ट करत होतो. घरात एवढा मोठा निर्णय आणि मला विचारलं नाही. शब्द मी दिला होता. पहिला मान माझा होता.

हुसैनमियाँला गाडीत सांगितलं. अर्ध्या वाटेत गाडी बाजूला घेतली त्याने, दोन्ही हात चेहऱ्यावर फिरवले, “अल्हम्दुलिल्लाह” म्हणाला. डोळे पुसले. मी म्हणालो, माझ्यावर केवढा अन्याय झाला ते बघ. तो म्हणाला, “व्हय, व्हय,” आणि गिअर टाकला.

अर्बाबकडे, म्हणजे मालकाकडे, इमर्जन्सी लीव्ह मागितली. जाऊन तोंडावर विचारणार. बोलायचं सगळं मनात तयार आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. कळंबोली, देवेशचा फ्लॅट

रजा मिळायलाच पंधरवडा गेला. सकाळी पोचलो. खजूर, बदाम, टॉर्च असं सगळं आणलं. वहिनीने खजूर हातातून घेतले आणि न उघडता कपाटात ठेवले, इन्फेक्शनची भीती म्हणे. मला मास्क दिला. दादाच्या खोलीत आत जायचं नाही, दारात खुर्ची टाकून बसायचं.

दादाचा रंग बदललाय. चेहऱ्याची सूज उतरली, डोळे स्वच्छ. मला बघून खरोखर आनंद झाला त्याला. त्यानेच आधी विचारलं, प्रवास कसा झाला, बाइक कशी चालते. मी मॅग्नेटपासून सुरुवात केली. तो ऐकत होता. मग मीच थांबलो आणि विचारलं, दादा, माझी वाट का नाही बघितलीत?

तो म्हणाला, “वाट कुठे बघायची होती? तू दिवाळीत उभा राहिलास ना, खुर्चीची पाठ सोडवत नव्हती तुला. तू मस्कतला गेलास त्याच आठवड्यात रखमाने तपासण्या सुरू केल्या. तिची साखर थोडी वर होती, ती खाली आणण्यात वेळ गेला. रोज पहाटे चालायची शेताच्या बांधावरून.”

म्हणजे पहिल्या आठवड्यापासून. मी विचारलं, मग मला सांगितलं का नाहीत? मी इतके महिने...

दादाने पांघरूण सारखं केलं. मास्कमुळे नीट दिसत नव्हतं हसतोय की काय. मग म्हणाला, “तू दर शुक्रवारी फोन करायला लागला होतास, एकनाथ. वीस वर्षांत सणावाराशिवाय तुझा फोन आला नव्हता. सांगितलं असतं तर बंद झाला असता. मला बरं वाटायचं. डायलिसिसवर पडल्या पडल्या तुझी ती चाकं ऐकायचो.”

विचारायचं जे तयार करून आणलं होतं त्यातलं एकही आठवेना. कोणी रागावलं असतं तर आठवलं असतं. वहिनी नाही, देवेश नाही. विशाखाने वरणभात वाढला आणि मीठ हवंय का विचारलं. यशश्री ताईच्या पायाला तेल चोळत होती आणि दोघी कसल्याशा गोष्टीवर बोलत होत्या. पोरीचं मराठी पुष्कळ सुधारलंय.

दुपारी ताईजवळ बसलो. वाळलीये, पण ठणठणीत. मी विचारलं, खूप दुखलं का गं. म्हणाली, “तुला कशाला ऐकायचंय? चक्कर येईल तुला.”

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं. मी तिचा हात धरला आणि म्हणालो, ताई, आता तुझी एकच राहिली. उद्या तिला काही झालं तर काळजी करू नकोस. माझी आहे.

ताई माझ्याकडे बघतच राहिली आणि मग हसायला लागली. थांबेचना. पोट धरून कुशीवर वळली, डोळ्यांतून पाणी. यशश्री पण हसायला लागली. आतून दादाचा आवाज आला, काय झालं, काय झालं, आणि विशाखाने त्याला जाऊन सांगितलं. मग तोही. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली आणि मला दटावून म्हणाली, “भावोजी, तिला हसवू नका हो, आतले टाके ओले आहेत अजून!”

मी विनोद केला नव्हता.