थर्मोस्टॅटवर आरोपपत्र

सोमवार, ३ मार्च. सायंकाळ ६.४०
आजपासून यंत्रविषयक संशोधनास प्रारंभ. आपली मोटार सिग्नलला उभी राहिली की तापते. काटा लाल रेषेस आलिंगन देतो. मोकळ्या रस्त्यास लागताच पुन्हा सुशील होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, गॅरेजवाल्याला दाखवा." वीस वर्षे कार्यालयात इतरांच्या चुका शोधणाऱ्या पुरुषास एका इंजिनाची चूक सापडू नये काय, असा प्रतिप्रश्न मी केला. त्या भाकरी थापत राहिल्या. मौनं संमतिलक्षणम्.

येत्या सोमवारी सासऱ्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन. एक डोळा पूर्वीच गेलेला, उरलेल्याने केवळ उजेड-अंधार कळतो. सकाळी साडेनऊला दवाखान्यात हजर व्हायचे. त्यांस मी स्वतः नेणार, हे सर्वांसमक्ष घोषित केले. सात दिवस हातात आहेत. विपुल.

मंगळवार, ४ मार्च. सकाळ ७.३०
कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड राखणाऱ्या पाण्याचे, निरीक्षण. इंजिन गरम असता झाकण उघडू नये, असे पुस्तिकेत ठळक छापले आहे. तथापि 'गरम' ही संज्ञा सापेक्ष होय.

७.४५. रेडिएटरने आपले मत व्यक्त केले. शर्ट गेला. मनगटास मलम. कार्यालयात 'इस्त्री' असे सांगितले.

बुधवार, ५ मार्च
मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांपुढे निदान जाहीर: थर्मोस्टॅट, अर्थात इंजिनातील पाण्याची वाट उघडणारी झडप. शब्द उच्चारताच वातावरण गंभीर झाले. लेखापालांनी तर आपल्या गुडघ्याविषयीही सल्ला विचारला.

गुरुवार, ६ मार्च. सायंकाळ
थर्मोस्टॅट काढून दुधाच्या पातेल्यात उकळला. सदोष असल्यास तो उघडत नाही. हा तत्काळ उघडला. ही तत्परता मला संशयास्पद वाटली. नवा आणावा, असा निष्कर्ष. पातेल्याविषयी सौभाग्यवतींचे उद्गार येथे नोंदवीत नाही.

सासरे अंगणात खुर्ची टाकून बसले होते. एकतीस वर्षे बस चालवली; वाटेत बिघडली तर वाटेतच दुरुस्त केली. त्यांनी विचारले, "जावईबापू, चालती असताना तापते की उभी राहिल्यावर?" मी उष्मागतिकीवर विवेचन केले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाले, "पंखा लागतो का?"

"तपासला," मी म्हणालो.

"हाताला वारा लागला?"

"भरपूर."

(पंखा जागेवर आहे. पाती सात, सर्व शाबूत. यासच तपासणी म्हणतात.)

शनिवार, ८ मार्च. दुपार
नूतन थर्मोस्टॅटची प्रतिष्ठापना. मोकळ्या रस्त्यावर बारा किलोमीटर चाचणी. काटा मध्यावर, ऋषीसारखा निश्चल. विजय!

सौभाग्यवती: "बाजाराच्या गर्दीत उभी करून बघितलीत का?" बऱ्या झालेल्या रुग्णास पुन्हा पावसात उभे करीत नाहीत, असे मी समजावले. "मग सोमवारी टॅक्सी तरी सांगून ठेवते." मी दुखावल्याचे दर्शविले. टॅक्सी रद्द.

सोमवार, १० मार्च. दुपार ३.००
लिहिणे भाग आहे.

पुलाचे काम चालू असल्याने रस्ता एकेरी. अकरा मिनिटे जागच्या जागी. बॉनेटमधून वाफ. मागच्यांचे हॉर्न. एक स्कूटरवाला ओरडला, "काका, चहा टाकलाय का?"

सासरे गाडीच्या कडेला हात लावीत पुढे आले. म्हणाले, "फ्यूजचा डबा कुठंय? माझा हात ठेवा त्याच्यावर." मी ठेवला. त्यांची बोटे एकेका फ्यूजवरून सरकली आणि थांबली. "जावईबापू, इथला एक दात पडलाय."

तो पंख्याचा फ्यूज. मीच काढला होता. फेब्रुवारीत, रेडिओ सुरू करण्यासाठी. 'विस्मरण झाले' असे लिहिणार होतो. झाले नव्हते. गुरुवारी त्यांनी पंखा म्हणताच मला आठवले होते. परंतु तोवर थर्मोस्टॅटचे निदान जाहीर झाले होते, आणि माघार घेणे मला मानवेना. ही वही माझ्यावाचून कोणी वाचत नाही. तिच्याशीही खोटे बोललो.

"काढून कुठे लावला, ते तुम्हाला ठाऊक असेल," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. मी रेडिओचा फ्यूज उपटून तेथे बसवला. पंखा गरगरला.

इंजिन निवून पाणी भरेपर्यंत पन्नास मिनिटे. दवाखान्यात पोहोचलो तो डॉक्टर दुसऱ्या गावी निघून गेलेले. पुढची तारीख ३१ मार्च.

सौभाग्यवतींचा त्यांच्या शाळेतून फोन (त्या शिक्षिका). "झालं का?" मी योग्य शब्द जुळवीत होतो, तोच सासऱ्यांनी हात पुढे करून फोन मागितला. "अगं, मीच घाबरलो. मागे फिरा म्हटलं यांना."

फोनमधला आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "बाबा! घाटात बस चालवायचात तुम्ही, आणि सुईला घाबरता? लहान आहात का?"

मला तोंड होते. मी ते उघडले नाही.

मंगळवार, ११ मार्च. सकाळ ८.१०
सासऱ्यांनी चहाचा कप शोधताना तो कलंडवला. अजून वीस दिवस भिंत चाचपडत जाणार. संकल्प: आज सांगणे.

सायंकाळ ५.००. फोडणी चालू होती. अशा वेळी सांगू नये.

६.३०. सौभाग्यवतींची मैत्रीण आली. तिच्यासमोर सौभाग्यवती: "आमचे बाबा एवढे भित्रे असतील असं वाटलं नव्हतं हो." सासरे हसले.

७.१५. सौभाग्यवती वडिलांचा हात हातात घेऊन बसल्या आहेत. "दुखत नाही हो बाबा. मुंगी चावल्यासारखं." ते म्हणत आहेत, "बरं. नाही घाबरत." मी दारापर्यंत जाऊन आलो. दोनदा.

बुधवार, १२ मार्च. सकाळ
सांगितलं. फ्यूज, रेडिओ, गुरुवार, सगळं.

ती कणीक मळायची थांबली. मग बाबांच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आल्यावर तिचे डोळे लाल होते. "किल्ली ठेवा इथं." ठेवली. "एकतीसला टॅक्सी सांगितलीय. तुम्हीही यायचं. बाबांचा हात धरून न्यायचं आणि हात धरून आणायचं."

हो म्हटलं.

आतून सासऱ्यांचा आवाज आला, "येऊ दे की. पण जावईबापू, टॅक्सीचं बॉनेट उघडायचं नाही हं."