चाळीस नंबरची जागा

सोमवार, ५ जानेवारी
मिळाली एकदाची नोकरी! बोईसरच्या रंगकारखान्यात नेटवर्क सांभाळायचं. खोली नवापूरला, गोदूबाईंच्या घरी. अंगणात दोरीवर बोंबील वाळताहेत. माझ्या ओढणीलाही आता तोच वास.

पहिलं काम मजेचं आहे. कामगारांच्या मनगटावर गॅसगळतीचा इशारा देणारे पट्टे बसवायचे. पट्टा चालू झाला की सर्व्हरकडे पत्ता मागतो, आणि सर्व्हर मोकळा असलेला आकडा देतो. त्या आकड्याच्या नावाने निघालेला निरोप राउटर बरोबर तिथे पोचवतो. तिथे आज कोण राहतं, याची पंचाईत तो करत नाही. पोस्टमनसुद्धा एवढा सरळ नसतो.

बुधवार, ७ जानेवारी
पत्ते संपले आणि इलेक्ट्रिशियन चिरागचा पट्टा राहिला. चाळीस नंबर मात्र कुणीतरी अडवून ठेवलेला. ऑपरेटर सुजीत म्हणाला, मॅडम, त्याला हात लावू नका. तो रंग ढवळायच्या जुन्या मिक्सरचा पत्ता. गोदूबाईंचा मुलगा नवशा आत उतरून साफ करत असताना मिक्सर सुरू झाला, तो गेला. उजवा हात अजून सापडलेला नाही. मिक्सर, त्याला हुकूम देणारं पॅनेल, सगळं भंगारात गेलं. पत्ता तेवढा सुजीतने रिकामा ठेवला. इथल्या मच्छीमारांच्या बोटींवर तशीच रीत आहे म्हणे, बुडालेला पूर्ण सापडेपर्यंत त्याच्या जागी कुणी बसत नाही.

घरी गोदूबाईंना विचारलं. त्या मासळी निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ती जागा त्याची हाय, पोरी. कोनाला बसवू नको."

वाईट वाटलं. पण भुताला कसला आलाय पत्ता! चाळीस चिरागला देऊन टाकणार आहे.

गुरुवार, ८ जानेवारी
सकाळी पट्टा मीच बांधला त्याला. शिफ्टचा भोंगा झाला आणि चिरागचं मनगट फिरायला लागलं. आधी तो हसला. मनगट थांबेना. एकाच दिशेने, हाड मोडलं तरी फिरतच राहिलं. तो ओरडत होता, मॅडम, काढा. मी पट्टा ओढला. पट्टा आला, पंजाही आला. माझ्या तोंडावर, दातांवर रक्त.

दवाखान्यापर्यंत पोचला नाही तो. माझ्यामुळे गेला.

शुक्रवार, ९ जानेवारी
सर्व्हरवर नोंद बघितली. भोंगा झाला की चाळीसला हुकूम जातो: फिर. पाठवणारं मिक्सरचं पॅनेल. जे भंगारात गेलं ते! रोज जात होता. चाळीसवर कुणी नव्हतं, म्हणून वाया जात होता.

चिरागचा पट्टा सर्व्हरवरून पुसून टाकला. आता तरी सुटेल.

शनिवार, १० जानेवारी, सकाळ
मूर्ख मी. पुसला म्हणजे चाळीस मोकळा झाला. अडवायला हवा होता, सुजीतसारखा. आत्ता माझ्या उजव्या मनगटावरचा पट्टा तपासायला बंद करून चालू केला, आणि त्याने पत्ता मागितला —

चाळीस.

बक्कल निघत नाही. सुजीत पत्रा कापायची कात्री आणायला पळालाय. सर्व्हरची वायर उपटली. पट्ट्यावर चाळीस तसाच —

डाव्या हाताने लिहितेय. उजवा जड झालाय. बोटं माझी नाहीत. जाड, खरखरीत, नखांत रंग —

सुजीत धावत येतोय, दिसतोय —

भोंगा

गोदूबाई, तुमच्या नवशाचा हात सापड