दुधाइतका पातळ

मंगळवार, ३ फेब्रुवारी

पुन्हा फाटला! काळ्या रंगाची कोरी बाटली, आजच फोडलेली. कपात रंग घेतला, पातळ करायला थिनर घातलं, ढवळलं — आणि बघता बघता नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या. रंग फवारायच्या एअरब्रशचं तोंड बंद. मग बसले सुईने रबरासारखे धागे उपसत.

खुर्चीतून बाबा — "प्रमाण चुकतंय तुझं. दुधाइतका पातळ हवा. सांगून सांगून जीभ झिजली माझी."

माझं प्रमाण! यांचे हात थरथरायला लागल्यापासून बोटींचं प्रत्येक छोटं मॉडेल मीच रंगवतेय. हे नुसतं तोंड चालवतात.

बुधवार, ४ फेब्रुवारी

आठवडा झाला, सर्दी हटेना. नाक पार चोंदलंय, डोकं जड.

दुसऱ्या शहरातल्या बाईंचा पुन्हा फोन आला. संग्रहालयांसाठी मॉडेलं करायची कार्यशाळा आहे त्यांची. "जागा महिनाअखेरपर्यंतच धरून ठेवते हं," म्हणाल्या. मी म्हटलं, येते. म्हणताना आवाज इतका बारीक का झाला?

बाबांनी कबूल केलंय — टगबोट पुरी करून दे, मग खुशाल जा. मोठी जहाजं ओढणाऱ्या त्या खऱ्या बोटीच्या इंजिनखोलीत यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली, म्हणून तिचंच हे छोटं रूप हवंय. आता उरलंय काय? खालचा काळा रंग, खाचा उठवणारा पातळ वॉश आणि धुरांड्याचा पट्टा. पण एअरब्रशमधून रंग उडाला तर ना!

शनिवार, ७ फेब्रुवारी

पाणी बदललं, साबण बदलला, रंग बदलला. परत गुठळ्याच. आता मलाच बदला!

सोमवार, ९ फेब्रुवारी

आत्या येऊन गेली. "तू जा गं बिनधास्त, दादाकडे मी बघते." बाबा लगेच — "तू बघणार? तुझा चहा पिऊन मी महिन्यात खपेन." हसलो तिघंही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला अडवलंय कोणी? दार उघडंच आहे."

दार उघडं, खिडक्या मात्र बंद. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून. तोंडावर मास्क, कानाशी कॉम्प्रेसरची घरघर, आणि पाठीमागे ती खुर्ची. मला गुदमरायला होतं. खरंच होतं. कोणाला सांगू?

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आज नाक मोकळं झालं. थिनरची बाटली उघडली आणि भपकारा आला — स्पिरिट!

आमचं थिनर घरचंच. बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब. स्पिरिट फक्त एअरब्रश धुवायला. दिसायला दोन्ही सारखी, पण या रंगात स्पिरिट पडलं की दही! हे मला शिकवलं कोणी? बाबांनीच. पहिल्याच दिवशी, दम देऊन.

वळून पाहिलं. त्यांच्या सदऱ्याची उजवी बाही ओली होती. ओतताना हात हलला असणार.

तळपायाची आग मस्तकात गेली. "प्रमाण चुकतंय म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा!" काय काय बोलले, आठवत नाही. आठवायचंही नाही.

ते इतकंच म्हणाले, "मग काय करू? दोराने बांधून ठेवू तुला?"

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

अबोला. जेवण झाकून ठेवलं. त्यांनी खाल्लं, ताट मात्र तसंच टाकलं नाही, धुतलं. एक बशी फुटली.

रविवार, १५ फेब्रुवारी

सकाळी टेबलावर नवीन बाटली. आत ताजं पाणी. बाहेर चिकटपट्टीवर वेड्यावाकड्या अक्षरात — पाणी. मी हुंगून पाहिलं. लाज वाटली, पण हुंगलंच.

"त्या बाईंना मी फोन केलाय," बाबा म्हणाले. "शुक्रवारी येतेय म्हणून सांगितलं. बाई बोलायला चांगल्या वाटल्या. तुझी बॅग माळ्यावरून काढायला आत्याला सांगितलंय."

काळा रंग एका दमात उडाला. रेशमासारखा! बाबा टाळी वाजवणार होते, मग हात मांडीखाली घालून बसले.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काळ्यावर चकाकीचा थर कालच देऊन ठेवला होता. आज वॉश. तपकिरी रंग गढूळ पाण्याइतका पातळ केला आणि नुसतं कुंचल्याचं टोक टेकवलं. आपोआप धावला खाचांतून! रिव्हेटच्या रांगा उठून आल्या. जास्तीचा ओल्या कापसाने टिपला.

बाबा कितीतरी वेळ बघत होते. "हीच ती," म्हणाले. "हिच्यातच होतो मी." आणि चष्मा पुसत बसले.

धुरांड्याचा काळा पट्टा तेवढा राहिला. चार फवारे! आत्याने बॅग दारात आणून ठेवलीय. दिवसभर मी त्या बॅगेला वळसा घालून गेले. अजून रिकामीच आहे. मला आनंद व्हायला हवा. होत नाहीये.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

पट्ट्याचा रंग कपात घेतला. दोन्ही बाटल्या समोर होत्या. नाक ठणठणीत मोकळं होतं, वास स्पष्ट येत होता. तरी हात स्पिरिटकडेच गेला.

"बाबा, फाटला हो पुन्हा."

त्यांनी कपाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "असू दे," म्हणाले. "उद्या बघू."