फिल्टरचा जुना स्पंज

लासुर्णे, मंगळवार संध्याकाळ

आज शेवटचा मासाही गेला. गेल्या आठवड्यात टाकीचा फिल्टर बंद पडला, म्हणून भाऊजींनी इंदापूरहून नवा आणला. दुकानदारानं बजावलं होतं, "जुना स्पंज नव्यात घाला, पाणी चांगलं ठेवणारे जंतू त्यातच असतात." पण भाऊजींना तो काळा, बुळबुळीत स्पंज म्हणजे घाण वाटली. दिला उकिरड्यावर फेकून. मी घरी असते तर? सारखा तो स्पंजच डोळ्यांसमोर येतोय.

अर्धांगवायू झाल्यापासून माझे सासरे, आबा, मासे बघायला तेवढे उठून बसायचे. मघाशी मी टाकी झाकत होते, तर म्हणाले, "समदं गेलं का?"

"व्हय, आबा."

"मग मला आडवं कर, पोरी. आता बसून काय बघू?"

मी त्यांच्या पाठीमागच्या उशा काढल्या.