एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

बाबा, तुझा मुलगा काचेच्या आत पडलाय आणि मी बाहेर आकडा फोडत बसलेय. बोईसरच्या हॉस्पिटलात. कंपनीत काम करता करता कोसळला, मेंदूत रक्त साचलंय. श्वास मशीन घेतंय, तो नाही. मला आत जायला पास दिला, त्यावर त्याचा नंबर: १०४७२९. तो बघितला आणि माझा हात आपोआप चालायला लागला. हा रोग तूच लावलास. माकुणसारच्या ओट्यावर आपण विड्याची पानं मोजत बसायचो. मी चुळबुळ केली की तू एखादा मोठा आकडा फेकायचास, "फोड गो बाय." भाऊ नुसता हसायचा, गणितात धोंडा. दोनानं भाग जातो का बघ, अंकांची बेरीज करून तिनाचं बघ. कशानंच भाग न जाणारे आकडे तुझे लाडके. "ह्यो कुनाच्या बापाला फुटत नाय," म्हणायचास. माझी शाळा चौथीत सुटली, हे मात्र सुटलं नाही.

मग मीच ठरवलं, हा फुटला तर भाऊ उठेल. सातानं भागला, दोन उरले. अकरानं नाही. तेरानं भागला तर एक उरला, फक्त एक! मी मोठ्यानं शिवी हासडली. दारावरचा वॉचमन म्हणतो, "मौसी, लॉटरी का नंबर है क्या?" "हां, लगी तो तेरी शादी करा दूँगी." तो हसला, मीही हसले, मग रडूच आवरेना. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे भागाकारांनी भरले. शंभर ओलांडले, दोनशे ओलांडले, दरवेळी काहीतरी उरतंच.

तुझा नियम मला पाठ आहे. ज्यानं भागतोय त्याला त्यानंच गुणायचं. ते आकड्याच्या पुढं गेलं की थांबायचं. लहान भाग सापडला नाही तर मोठाही नसतो, मोठ्याला जोडीला लहान लागतोच. तीनशे सतरानं भागला, एकशे एकोणीस उरले. पुढचा न फुटणारा तीनशे एकतीस, त्याला त्यानंच गुणलं की आकड्याच्या पुढं जातं; म्हणजे हा फुटत नाही, तिथंच संपलं होतं. मी तरी पुढं भागत गेले. तू मागून ओरडल्यासारखं वाटलं, "येडी हायस काय? आकडा नवस ऐकत नाय." नसेल ऐकत. मग कोण ऐकतं ते सांग ना! हे लिहितेय, पण पाठवू कुठं?

आज सकाळी डॉक्टरनं मला एकटीला बोलावलं. पोरगेलाच आहे, हळू बोलला. "मावशी, आता आमच्या हातात काही नाही. मशीन कधी काढायचं ते घरच्यांनी ठरवा." मी म्हटलं, "अजून बघा. नीट बघितलंच नाही तुम्ही."

बाहेर वहिनी उभी. "काय बोलला ओ डॉक्टर?" मी सांगून टाकलं, सुधारतोय, उद्या तोंडानं खाईल. लगेच घरी गेली ती, त्याच्यासाठी पेज करायला. आता येईलच.