बॅटरी कुणासाठी राखायची?

हमरापूर, शुक्रवार, संध्याकाळ

आज केलं ते बरोबर की चूक, अजून कळत नाही. गावाच्या सोलरची बॅटरी माझ्याकडे सांभाळायला आहे. सकाळपासून वीज नव्हती, आभाळही भरलेलं. दुपारी बॅटरी निम्म्यावर आली, तशी मी सुमनकाकीच्या गणपती कारखान्याची लाईन बंद केली. शेजारच्या नामाआजोबांचं ऑक्सिजनचं मशीन उद्यापर्यंत चालायला हवं होतं.

काकी तरातरा आली. "गो, रंग वला हाय. पंखे बंद केलंस तं मूर्ती सुकतील कशा?"

"आणि आजोबांचं मशीन बंद पडलं तर, काकी?"

ती आली तशीच माघारी गेली. निदान पंख्यांपुरती वीज सोडायला हवी होती का? निम्मी बॅटरी म्हणजे खूप की थोडी? उद्या ऊन पडेल हे कोण सांगणार?

आणि अंधार पडायच्या आत वीज आली. बॅटरी अजून जवळजवळ निम्मीच. मग मी उगाच घाबरले?

काकीला सांगायला कारखान्यात गेले, तर पंखे लावायलाही कुणी नव्हतं. काकी आजोबांच्या उशाशी बसली होती.

"हळू बोल," ती म्हणाली. "आताच डोला लागलाय."

रागावलीस का, हे विचारायचं होतं. ते राहिलंच.