पहिला प्रवासी वर जाईपर्यंत

प्रिय ओडेल,

तुझा निरोप आईनं कळवला. ‘रेमी या वसंतातही आला नाही तर झिंग्यांचं अख्खं पातेलं मी एकटी संपवीन,’ असं म्हणालीस म्हणे. वाचून हसलो. मग हे पत्र लिहायला घेतलं.

निघताना आपल्या दलदलीतल्या गावच्या बसथांब्यावर तू माझ्या हातावर पाव डॉलरचं नाणं ठेवलंस आणि मी बोलून गेलो, की आमच्या कंपनीच्या यानातून पहिला प्रवासी अंतराळात जाऊन आला की मी परत येतो. मला वाटलं, वर्षभराचं काम. इथं मोहावीच्या वाळवंटात आल्यावर कळलं, ते तेवढं सोपं नाही. यानाचं कवच तुझ्या बाबांच्या होड्यांसारखंच, कापडाचे थर राळेत बसवून केलेलं. मी त्यावर तुझं नाणं वाजवत फिरतो. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर आत पोकळी, कापा आणि पुन्हा करा. कवच जमलं की इंजिन हादरायचं, इंजिन शांत केलं की वजन वाढायचं. पैसे भरून बसलेल्या पाहुण्यांना साहेब सांगायचे, पुढच्या वर्षी नक्की. मीही तुला तेच लिहायचो.

हार्लन आमचा चाचणी वैमानिक. उड्डाणाआधी हमखास यायचा. ‘काय रे दलदलीतल्या बेडका, आज काय म्हणतेय माझी म्हातारी?’ मी यानावर नाणं वाजवून सांगायचो, गातेय. ‘तुझ्यापेक्षा बरं गाते की!’ तुझं त्याला सगळं ठाऊक होतं. ‘पहिला पाहुणा फिरवून आणतो आणि तुला मीच घरी सोडतो, नाहीतर ती पोरगी मला झिंग्यांबरोबर उकळेल.’ गेल्या मंगळवारी तो एकटाच वर गेला. उतरताना यान गरगरायला लागलं, ते सावरलंच नाही. हार्लन गेला. आम्ही सगळे ओळीनं वाळूत चालत तुकडे वेचत होतो. एक तुकडा उचलला आणि सवयीनं त्यावर नाणं वाजवलं. खणखणीत वाजला, ओडेल. तो पिशवीत टाकला आणि पुढचा उचलला.

काल साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, नवं यान बांधायचंय, किती वर्षं लागतील माहीत नाही, जायचं त्यांनी खुशाल जा. निम्मे निघाले. थांबणाऱ्यांनी हात वर करा म्हणाले, आणि माझा हात वर होता. तुझी आठवण त्यानंतर आली. ते सांगायलाच हे पत्र. माझी वाट पाहू नकोस. या वसंतात माझं ताट मांडू नकोस. नाणं परत पाठवणार होतो, पाकिटात घातलंही होतं. पुन्हा बाहेर काढलं. नव्या कवचाला ते लागेल.

तुझाच, एवढं शेवटचं लिहू दे,
रेमी